हाकेच्या अंतरावरच्या शाळा

गेल्या वर्षी शाळाप्रवेशाच्या दिवसांत आमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या ताईंनी आम्हा उभयतांपुढे एक साधा प्रश्न ठेवला. ‘‘काका, काकू, पोरीला पहिलीत घालायचंय. तुम्ही शिकलेली माणसं. आपल्या बाजूची कुठली म्युनिसिपालटीची शाळा चांगली, तेवढं सांगा.’’

आम्हांला उत्तर देता आले नाही. माटुंग्यात आमचे अर्धे आयुष्य गेले. दर रविवारी डॉन बॉस्को मातेच्या मंदिरात आम्ही मिस्सा ऐकतो. कोणत्या उडुपी उपाहारगृहात इडली चांगली मिळते, हे आम्ही डोळे मिटून सांगू शकतो. परंतु घरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या महापालिकेच्या शाळेचा उंबरा आम्ही कधी ओलांडला नव्हता. निवडणुकीत मतदानासाठी गेलो असू तेवढेच. त्या दिवशी आम्हांला याची प्रथमच लाज वाटली.

माटुंगा हे तसे शाळांचे गाव. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत सुधार मंडळ स्थापन झाले. त्याने आखलेल्या दादर-माटुंगा योजनेतून येथील रुंद रस्ते आणि पाच उद्याने उभी राहिली. त्यापाठोपाठ प्रत्येक समाजाने आपापल्या मुलांची सोय पाहिली. दक्षिण भारतीयांची साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी १९३२ साली निघाली. चाळीसच्या दशकात सालेशियन धर्मगुरू येथे आले आणि त्यांची शाळा नावारूपाला आली. मातेचे मंदिर पुढे १९५७ साली उभे राहिले. ज्यांच्यामागे कोणतीही संस्था नव्हती, कोणताही समाज नव्हता, त्यांच्यासाठी उरली ती महापालिकेची शाळा.

मात्र या उरलेल्या शाळेचा इतिहास उणा नाही. मुंबई शहराचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९२० सालचा. त्यानुसार मोफत व सक्तीच्या शिक्षणाला १९२५ साली प्रारंभ झाला, तो एफ आणि जी या दोन वॉर्डांत. माटुंगा एफ वॉर्डातले. म्हणजे गरिबाच्या मुलाला शाळेत आणणे हे शहराचे कर्तव्य आहे, हा विचार प्रथम आमच्याच अंगणात रुजला. हे आम्हांला ठाऊकही नव्हते.

आज महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांतून शिकवते. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एक भेद आला. २०२० मध्ये ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या नावाने नव्या शाळा सुरू झाल्या. माटुंगा-माहीम परिसरातील वूलन मिल शाळेत आयसीएसई मंडळाचा अभ्यासक्रम आला, तर २०२२ मध्ये माटुंग्याच्या एल. के. वाघजी शाळेत थेट केंब्रिजचा. श्रीमंतांच्या शाळांत मिळणारे शिक्षण विनाशुल्क मिळावे, हा हेतू स्तुत्यच आहे. परंतु मालक एकच, तिजोरी एकच, आणि तरीही एका इमारतीत केंब्रिज व काही गल्ल्या सोडून दुसरीत राज्य मंडळाची रिकामी होत चाललेली मराठी शाळा, हे दृश्य मनाला विचार करायला लावते.

ताईंबरोबर आम्ही तीन शाळा पाहिल्या. त्यांची नावे येथे सांगत नाही. त्या कोठेही असू शकतात.

पहिली नव्या धर्तीची, इंग्रजी माध्यमाची. रंगवलेल्या भिंती, पडद्यावर चालणारे धडे, टापटीप गणवेश. कारकुनाने आपुलकीने माहिती दिली आणि शेवटी म्हणाला, ‘‘अर्ज जागांपेक्षा जास्त आहेत. सोडत निघेल.’’ ताईंनी अर्ज भरला. दुसऱ्या शाळेत मराठी वर्गांना जोडून सेमी-इंग्रजीचे वर्ग होते. पहिलीचा वर्ग खच्चून भरलेला. शिक्षिका हुशार दिसल्या, पण त्यांना त्या आठवड्यात निवडणुकीच्या कामाला जावे लागणार होते. तिसरी शाळा निव्वळ मराठी. मोठी, जुनी, दगडी पायऱ्यांची इमारत. आत मुले मात्र मोजकीच. पहिली-दुसरीच्या बाई प्रत्येक मुलाला नावाने हाक मारत होत्या. कोणाची आई कोणत्या पाळीला कामाला जाते, हेही त्यांना माहीत होते.

आता तुलना करायची कशी? प्रथम आम्ही भिंतींचे रंगच पाहत होतो. मग शिक्षणहक्क कायदा काढून वाचला. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, ग्रंथालय, वर्षाला किमान २०० दिवस शाळा, हे सारे त्यात नमूद आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असेही त्यात म्हटले आहे. निवडणूक, जनगणना आणि आपत्ती-निवारण यांखेरीज शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामे देऊ नयेत, हेही त्यात आहे. शाळेत किती मुले व किती शिक्षक, हे शासनाच्या यूडायस नोंदींतही पाहता येते.

पण सर्वांत उपयोगी पडली ती एक साधी कसोटी. मुंबईच्या वस्त्यांतून काम सुरू केलेली ‘प्रथम’ ही संस्था ‘असर’ नावाचा अहवाल २००५ पासून काढत आली आहे. त्याची पद्धत अशी, की अक्षरे, शब्द, लहानसा परिच्छेद आणि गोष्ट या पायऱ्यांपैकी मूल कोठवर वाचते ते पाहायचे. आम्ही तिन्ही शाळांत बाईंच्या परवानगीने तिसरीच्या चार-पाच मुलांना त्यांच्याच पुस्तकातील गोष्ट वाचायला सांगितली. रंगीत भिंतींच्या शाळेत मुलांनी इंग्रजी वाक्ये सफाईने म्हटली. अर्थ विचारताच ती गप्प झाली. जुन्या मराठी शाळेतील मुलगी अडखळत वाचत होती, पण गोष्टीतला ससा का पळाला हे तिने हसत हसत सांगितले. एवढ्यावरून निष्कर्ष काढणे धाडसाचे, हे आम्ही जाणतो. परंतु पाहण्याची दृष्टी त्या क्षणी बदलली.

येथे आम्हांला स्वतःविषयी काही कबूल करावयास हवे. फादर स्टीफन्सच्या १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’चा अभिमान आम्ही सभासंमेलनांतून मिरवतो; मुलांना मात्र आम्ही इंग्रजी शाळेत घातले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षणहक्क कायद्याच्या बाहेर ठेवले. त्यामुळे वंचित मुलांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव जागांचे बंधन आमच्या शाळांवर नाही. संस्थांचे स्वातंत्र्य टिकणे आवश्यक आहे, यात शंका नाही. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात पालकांच्या निवडीच्या स्वातंत्र्याबरोबरच, कॅथलिक शाळांनी निर्धनांची विशेष काळजी वाहावी, असेही सांगितले आहे. त्यातली पहिली गोष्ट आम्ही आनंदाने स्वीकारली. दुसरीचे काय, हा प्रश्न ताईंनी न विचारताच आमच्यापुढे उभा राहिला.

सोडतीत मुलीचे नाव निघाले नाही. आम्ही हळहळलो, आणि सेमी-इंग्रजीचा आग्रह धरू लागलो. ताईंनी ऐकून घेतले व शांतपणे म्हणाल्या, ‘‘काकू, मला थोडं मराठी वाचता येतं. त्या शाळेत घातली तर पोरगी काय शिकते ते मला कळेल तरी. दुसरीकडे मला नुसतीच सही करावी लागेल.’’

आमच्या साऱ्या तक्त्यांत हा रकाना नव्हता.

मुलगी आता त्या दगडी पायऱ्यांच्या शाळेत जाते. महापालिकेकडून मिळणाऱ्या सत्तावीस वस्तूंपैकी दप्तर आणि छत्री तिला विशेष प्रिय आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी ती आमच्याकडे येते. एक दिवस मराठी वाचन, एक दिवस इंग्रजी. ताई व्यवस्थापन समितीच्या सभेला जातात. पहिल्या सभेत त्या काही बोलल्या नाहीत; दुसऱ्या सभेत स्वच्छतागृहाच्या कडीविषयी बोलल्या आणि कडी बसली.

एक काळजी मात्र उरतेच. त्या शाळेची पटसंख्या अशीच घटत राहिली तर वर्ग दुसऱ्या शाळेत मिसळले जातील, आणि नावाने हाक मारणाऱ्या बाई कोठे जातील कोणास ठाऊक. चांगली शाळा निवडणे एका आईच्या हाती असते. चांगली शाळा टिकवणे एकटीच्या हाती नसते. वाचकहो, आपल्या धर्मग्रामातही अशी एखादी शाळा असेल. रविवारच्या मिस्सेला जाताना आपण तिच्यावरूनच जात असू. एकदा आत जाऊन यावे. एखाद्या मुलाला गोष्ट वाचायला सांगावी, आणि जमल्यास पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे.