भरल्या पानावरून

कोंकणांतील हिवाळा देशावरच्याइतका कडक नसतो. दिवाळी उलटते, भातें कापून उडव्या रचल्या जातात, पहांटे गवतावर दंव चमकूं लागतें आणि घरोघरचे आजोबा कानाला उपरणें गुंडाळून अंगणांत उन्हाला बसतात. आपली थंडी ती एवढीच. परंतु ज्यांच्या मायदेशीं या दिवसांत तळींच्या तळीं गोठून दगडासारखीं होतात, त्या पक्ष्यांना हीच आपली थंडी उबदार वाटते. म्हणून हिवाळा लागला कीं आपलीं तळीं, खाड्या आणि खाजणें त्यांनीं गजबजून जातात.

नाताळच्या सुटींत मी तळ्याला आमच्या घरीं जातों, तेव्हां सकाळचा पहिला प्रहर पक्षी पाहण्यांत घालविण्याचा माझा परिपाठ आहे. पाहण्याचीं ठिकाणें दोन. एक जवळच्या खेड्याबाहेरील लहानसा तलाव, आणि दुसरें मांदाडची खाडी. ही खाडी पुढें राजपुरीच्या खाडीस मिळून जंजिऱ्यापाशीं समुद्राला भेटते. तिच्या कांठच्या डोंगरांत कुडें येथील २६ बौद्ध लेणीं आहेत. लेण्यांच्या ओसरीवर उभें राहून खालीं पाहिलें म्हणजे मनांत येतें कीं, शेंकडों वर्षांपूर्वीं येथें राहिलेल्या भिक्षूंनींही ओहोटीच्या वेळीं चिखलावर उतरणारे असेच थवे पाहिले असतील.

तलावावर अडई आणि हळदी-कुंकू हीं आपल्याकडचींच बदकें असतात. त्यांच्या जोडीला रुंद चोंचीचा थापट्या आणि लांब टोकदार शेपटीचें तलवार बदक हे परदेशस्थ येऊन बसतात. पाणकावळा खांबावर पंख पसरून ते वाळवीत असतो. बांधावर परीट सारखी शेपटी आपटीत कपडे धुण्याचें आपलें व्रत चालवीत असतो. खाडीवर मात्र निराळी मंडळी. पाणी ओसरलें कीं तिवरांच्या पुढें उघड्या पडलेल्या चिखलावर तुतारी, चिखल्या आणि टिलवे तुरुतुरु धांवूं लागतात. यांतील छोटा टिलवा हातांत घेतला तर त्याचें वजन दोन-अडीच तोळे भरेल. आणि याचें जन्मस्थान उत्तर ध्रुवाजवळच्या ओसाड मैदानांत! तेथून तो दर वर्षीं येतो आणि दर वर्षीं परत जातो. त्याजपाशीं नकाशा नाहीं, होकायंत्र नाहीं, शिदोरीचें गांठोडेंही नाहीं.

पक्ष्यांच्या या प्रवासाच्या हकीकती ऐकिल्या म्हणजे मन थक्क होतें. पट्टकदंब नांवाचा हंस हिमालय ओलांडून आपल्या महाराष्ट्रांतील जलाशयांपर्यंत येतो. २०२२ सालीं गॉडविट जातीच्या एका पक्ष्याच्या पाठीवर बसविलेल्या चिमुकल्या यंत्रावरून असें आढळलें कीं, अलास्कापासून टास्मानियापर्यंतचें १३,५६० किलोमीटर अंतर तो कोठेंही न उतरतां अकरा दिवसांत उडून गेला. विशेष म्हणजे तो पक्षी त्याच वर्षीं जन्मलेला होता!

शिदोरीचें गांठोडें नाहीं असें मीं वर म्हटलें, तें मात्र अर्धेंच खरें. पक्षी आपली शिदोरी अंगांत सांठवितो. परतीच्या प्रवासापूर्वीं कित्येक पाणथळ पक्षी इतकें खातात कीं, त्यांचें वजन दीडपट किंवा त्याहूनही अधिक होतें. ही चरबी म्हणजेच त्यांचें इंधन. चिखलांतील किडे, गोगलगायी, बारीक खेंकडे यांवर तें मिळवावयाचें, आणि तेंही ओहोटी आहे तोंवर. भरती आली कीं पान वाढलेलें उचललें गेलें! अशा घटकेला कोणी थवा उठविला, तर खाण्याचा वेळ जातो आणि सांठविलेलें इंधनही जळतें. एकदां उठविल्यानें कदाचित् फारसें बिघडत नसेल. पण दिवसांतून दहा जण आले आणि दहा वेळां थवा उठला, तर त्या जिवाचा हिशेब कसा जुळावा?

ही गोष्ट मला पुस्तकांतून ठाऊक होती. ती नीट समजावून दिली ती खाडीकांठच्या एका वृद्ध कोळीणबाईनें. मुंबईहून माझा भाचा आला होता. त्याजपाशीं लांब भिंगाचा नवा कॅमेरा होता. चिखलावर दोनएकशें टिलवे चरत होते. "मामा, हे बसलेले काय काढायचे? उडाले म्हणजे खरी मौज!" असें म्हणून त्यानें एक खडा उचलला. बाई उघाडीजवळ जाळें झटकीत होत्या. त्यांनीं मान वर केली आणि अगदीं शांतपणें विचारलें, "काय रे बाळा, पावण्याला भरल्या पानावरून उठवतोस होय?" भाच्याचा हात तसाच खालीं आला. त्या सकाळीं त्यानें एकही उडता थवा टिपला नाहीं. पण तासभर बांधाआड पालथें पडून राहिल्यावर एक टिलवा आपण होऊन त्याच्यापासून पांचसहा हातांवर आला आणि चिखलांत चोंच खुपसून जेवूं लागला. तें छायाचित्र आज त्याच्या अभ्यासिकेंत टांगलेलें आहे.

छायाचित्रणाचा इतिहास पाहिला तरी धीराचा हाच धडा मिळतो. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनीं १८९२ सालीं अंड्यांसह पक्ष्याच्या घरट्याचें छायाचित्र घेतलें. पुढें पक्ष्यांना बुजूं न देतां जवळ जातां यावें म्हणून त्यांनीं बैलाचें कातडें सांगाड्यावर चढवून पोकळ बैल बनविला आणि त्याच्या पोटांत शिरून ते छायाचित्रें घेऊं लागले! आपल्याकडचे थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांचा पक्ष्यांशीं परिचय झाला तो छऱ्याच्या बंदुकीनें. लहानपणीं त्यांनीं गळ्यावर पिवळा ठिपका असलेली एक चिमणी पाडली, आणि ती कोणती हें विचारावयास ते १८८३ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले. त्या एका प्रश्नानें त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. पुढें १९३० सालीं आपल्याच जिल्ह्यांत, अलिबाग तालुक्यांतील किहीम येथें, त्यांनीं तासन्‌तास स्वस्थ बसून सुगरण पक्ष्याचें निरीक्षण केलें. नांवावरून आपण सुगरणीला बाई समजतों, परंतु घरटें विणतो तो नर. अर्धें विणलेलें घरटें मादी येऊन पारखते. तिला पसंत पडलें तरच तो तें पुरें करितो, आणि मग लगेच दुसऱ्या घरट्यास हात घालतो. हें सारें गुपित कळलें तें बंदुकीनें नव्हे, तर स्वस्थ बसण्यानें.

विद्यार्थिमित्रहो, हल्लीं खिशांतल्या मोबाईलमध्येंही कॅमेरा असतो. तेव्हां ही विद्या तुम्हांस दूर नाहीं. सूर्य पाठीशीं ठेवावा. उभ्यानें सरळ चालून न जातां वांकून, थांबत थांबत, तिरप्या वाटेनें जावें. पक्ष्यानें चरणें थांबवून मान ताठ केली, कीं ती त्याची सूचना समजावी व तेथेंच थबकावें. तरीही तो अस्वस्थ दिसला तर दोन पावलें मागें यावें. घरट्याजवळ तर जाऊंच नये. उडत्या पक्ष्याचें चित्र हवें असेल, तर भरतीची वाट पाहावी. पाणी चढलें कीं थवे आपोआप उठतात, आणि सेकंदाच्या हजाराव्या अंशांत तें दृश्य पकडतां येतें. ज्यांच्याजवळ कॅमेरा नाहीं त्यांनीं वहीपेन्सिल घ्यावी. तारीख, वेळ, ठिकाण, पक्ष्याचें नांव व संख्या, एवढें दर रविवारीं लिहिलें तरी पांच वर्षांनीं ती वही मोलाची होईल. ज्या तलावावर पूर्वीं शंभर बदकें येत तेथें आतां दहाच येतात, हें सांगणारा पुरावा याहून दुसरा कोणता?

आणि असा पुरावा लागतो. खाडीकांठ किंवा गांवतळें म्हणजे वाया गेलेली जागा, ती बुजविली तर बरेंच झालें, असें समजणारे लोक पुष्कळ आहेत. नाशिक जिल्ह्यांतील नांदूर मधमेश्वरचें उदाहरण त्यांनीं पाहावें. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशीं शेतीच्या पाण्यासाठीं बंधारा बांधला गेला. त्यामागें गाळ सांचला, गवत आणि पाणवनस्पती वाढल्या, आणि हिवाळ्यांत तेथें हजारों पक्षी उतरूं लागले. १९८६ सालीं तें अभयारण्य झालें, आणि २०१९ सालीं आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळांत त्याची गणना झाली. हा मान मिळविणारें तें महाराष्ट्रांतील पहिलें स्थळ. ज्याला आपण नुसता चिखल म्हणतों, त्याची थोरवी अशी आहे.

आपल्या गांवच्या लहान तळ्याला असा मान मिळेल न मिळेल. पण सैबेरियाच्या वाटेवरल्या एखाद्या टिलव्याला तें तळें निश्चित ठाऊक आहे, आणि पुढच्या हिवाळ्यांत तो त्याच ठिकाणीं उतरावयास येणार आहे. तो येईल तेव्हां पाणी असावें, चिखल असावा, आणि कांठावर हातांत खडा न घेतलेला एक मुलगा किंवा मुलगी असावी. आतिथ्याला आपण कोंकणी माणसें कधीं उणीं पडलों नाहीं; या अबोल अतिथींच्या बाबतींतही पडूं नये.