अलग केलेली वीज

यंत्रें दुरुस्त करणाऱ्या माणसाचें कौशल्य त्याच्या हातांवरून ओळखतां येतें. परंतु त्याचा विवेक पाहावयाचा असेल तर त्याचें मेज पाहावें, असें आम्हांस वाटतें. मेजावर पाने-पकडी किती आहेत हा प्रश्न गौण होय. तेथें वीज कोणत्या वाटेनें येते, हा खरा प्रश्न. आमच्या मेजावर ती घरीं गुंडाळलेल्या एका ट्रॅन्स्फॉर्मरमधून येते. तो कां केला, कसा केला, आणि त्यानें काय साधलें व काय साधलें नाहीं, हें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु.

घरांत येणाऱ्या दोन तारांपैकीं एकीस न्यूट्रल म्हणतात. ही तार रस्त्यावरील ट्रॅन्स्फॉर्मरपाशीं जमिनीशीं जोडलेली असते. त्यामुळें आपल्या पायांखालची भूमि हीच जणूं विजेची एक तार होऊन बसते. अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचें बोट दुसऱ्या, म्हणजे फेजच्या, तारेस लागलें कीं विजेचा फेरा पुरा झाला. एकच स्पर्श, आणि तोही नकळत झालेला, घातास पुरेसा होतो.

आमचे धाकटे मामा रेडिओ दुरुस्त करीत. पूर्वीं कित्येक स्वस्त रेडिओ ट्रॅन्स्फॉर्मरवांचून थेट घरच्या विजेवर चालत, व त्यांतील पुष्कळांचा पत्र्याचा सांगाडा, म्हणजे चॅसिस, एका तारेसच जोडलेला असे. दोन पायांचा प्लग सुलट लागला तर सांगाडा निरुपद्रवी. उलट लागला तर सगळी वीज त्यावर. एका संध्याकाळीं असा उलट लागलेला प्लग मामांच्या लक्षांत आला नाहीं. ते वांचले, पण उजव्या हाताचीं दोन बोटें कायमचीं आंखडलीं. आमच्या मातोश्रींनीं तें सारें पाहिलें होतें. म्हणून आम्हीं माडीवर मेज मांडलें तेव्हां त्या म्हणाल्या, "अरे, तुझा छंद मला मोडावयाचा नाहीं. पण माझ्या भावाला जें झालें तें तुला होणार नाहीं, एवढें आधीं मला पटवून दे." ही अट आम्हांस न्याय्य वाटली.

ते रेडिओ आतां अडगळींत गेले, पण धोका गेला नाहीं. आजच्या टीव्हींत घरची वीज प्रथम थेट डी.सी. केली जाते, आणि तेथील मोठ्या कपॅसिटरवर सुमारें ३२५ व्होल्ट उभे असतात. तो भाग घरच्या तारांपासून अलग नसतो; आणि दुरुस्ती करणाऱ्यास नेमकें तेथेंच बोट न्यावें लागतें.

यावरील उपायाचें मूळ मायकेल फॅरडे यांच्या १८३१ सालच्या प्रयोगांत आहे. लोखंडाच्या एका कड्यावर त्यांनीं तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळलीं. त्यांचा एकमेकांशीं तारेनें कसलाही संबंध नव्हता. तरी एकांतील प्रवाह सुरू वा बंद करतांच दुसऱ्याजवळची चुंबकसुई हाले. पुढें १८८५ सालीं बुडापेस्ट येथें झिपर्नोव्स्की, ब्लाथी व डेरी या तिघांनीं याच तत्त्वावर व्यवहारोपयोगी ट्रॅन्स्फॉर्मर सिद्ध केला. दोन्ही वेटोळ्यांचे वेढे जवळजवळ सारखे ठेवले कीं जितके व्होल्ट आंत, तितकेच बाहेर. मात्र बाहेरच्या तारांचें जमिनीशीं असलेलें नातें तुटलेलें. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. फ्रिजजवळचा स्टॅबिलायझर किंवा प्रयोगशाळेंतील डिमरस्टॅट हेंच काम करतो, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नव्हे. त्यांत बहुधा एकच वेटोळें दोन्हीकडे वांटून वापरलेलें असतें. तेव्हां नातें तुटत नाहीं.

तथापि असाच एक जळालेला स्टॅबिलायझर आम्हांस भंगारवाल्याकडे मिळाला. त्याचा लोखंडी गाभा शाबूत होता. मधल्या दांड्याची रुंदी ३८ मिलिमीटर व पत्र्यांच्या चवडीची जाडी ३५ मिलिमीटर भरली. पत्र्यांमधील वार्निश वजा जातां निव्वळ लोखंड सुमारें १२ चौरस सेंटिमीटर. लोखंडावर बेताचाच ताण ठेवावयाचा तर आपल्या ५० आवर्तनांच्या विजेसाठीं ४५ या अंकास या क्षेत्रफळानें भागावें, म्हणजे दर व्होल्टास लागणारे वेढे निघतात. ते आले पावणेचार. अर्थात् २३० व्होल्टांस ८६२. काम चालूं असतां व्होल्टांत पडणारी तूट भरून निघावी म्हणून दुसऱ्या वेटोळ्यास शेंकडा पांच अधिक, म्हणजे ९०५. शंभर वॅटच्या कामास २६ गेजची एनॅमलची तार पुरते.

बॉबिन मुद्दाम मधोमध भिंत असलेलें घेतलें. एका कप्प्यांत पहिलें वेटोळें, दुसऱ्यांत दुसरें. म्हणजे उद्यां तार जळाली, सुटली, तरी दोघांची गांठ पडूं नये. दर थरावर कागद घालीत आम्ही गुंडाळीत होतों, आणि मोजणी मातोश्रींनीं आपल्याकडे घेतली होती. दर पन्नास वेढ्यांस त्या वाटींत एक चिंचोका टाकीत. शेवटीं एका वाटींत सतरा चिंचोके व वर बारा वेढे, दुसरींत अठरा चिंचोके व वर पांच, असा हिशेब जुळला. मग पत्रे एकाआड एक उलटसुलट बसवून बोल्टांनीं घट्ट आवळले, सर्वांस वार्निश दिलें, आणि गाभा व पेटी यांस जमिनीची तार जोडली. बाहेरच्या वेटोळ्यास मात्र ती जोडली नाहीं. जोडली असती तर सारे श्रम व्यर्थ गेले असते.

मोटारी गुंडाळणाऱ्या एका कारागिराकडून मेगर लावून दोन वेटोळ्यांमधील व गाभ्यापर्यंतचें अंतर अभेद्य असल्याची खात्री करून घेतली. पहिल्यानें वीज दिली ती परवाना असलेल्या वायरमनच्या देखत, आणि १०० वॅटचा एक दिवा सिरीजमध्यें घालून. आंत कोठें शॉर्ट असतें तर तो दिवा लख्ख पेटला असता. तो क्षणभर चमकून विझला. बाहेर २४१ व्होल्ट मिळाले, व ६० वॅटचा दिवा लावतांच ते २३२ वर आले.

मग वायरमननें १५ वॅटचा दिवा बाहेरची एक तार व जमीन यांमध्यें जोडला. तो पेटला नाहीं. दुसऱ्या तारेसही तेंच. मातोश्री म्हणाल्या, "म्हणजे आतां ही वीज चावत नाहीं?" आम्हीं म्हटलें, "आई, थोडें थांब." तोच दिवा दोन तारांमध्यें जोडतांच तो झगझगीत पेटला. त्या क्षणभर पाहत राहिल्या व म्हणाल्या, "म्हणजे एका हाताला क्षमा आहे, दोन हातांना नाहीं." ट्रॅन्स्फॉर्मरचें याहून नेमकें वर्णन आम्हांस कोणत्याही पाठ्यपुस्तकांत आढळलें नाहीं.

त्या एका वाक्यांतूनच मेजाचे सारे नियम निघाले. वीज चालूं असतां डावा हात खिशांत. अलग विजेवर एका वेळीं एकच यंत्र. कारण दोन यंत्रें लावलीं तर एकाचा सांगाडा ही एक तार व दुसऱ्याचा सांगाडा ही दुसरी होऊं शकते. वीज बंद केल्यावरही कपॅसिटर रेझिस्टरमधून रिता करून, मीटरनें पाहून, मगच हात. आणि सर्वांत महत्त्वाचें: घरच्या फळीवरील आर.सी.सी.बी. नांवाचें रक्षक बटण येथें आंधळें असतें. आंत जाणारा व परत येणारा प्रवाह समान आहे ना, एवढेंच तें पाहतें. बाहेरच्या दोन तारांमध्यें माणूस सांपडला तरी तो त्यास दिवाच वाटतो.

यास्तव पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलानें वेढे मोजावे, गणित करावें, पत्रे बसवावे. त्यास अडवूं नये. परंतु वीज जोडण्याचें काम जाणत्याच्या हातीं व त्याच्याच देखरेखीखालीं व्हावें. आणि विद्यार्थिमित्रहो, चांगलें साधन आपली एक चूक पोटांत घालतें. दुसरी चूक होऊं न देणें हें मात्र आपल्याच हातीं असतें.