सिम काढलं, सिम घातलं

फरीदाबाद हरियाणात आहे, पण मोबाइलच्या नकाशावर ते दिल्लीत आहे. परवाने वाटले गेले तेव्हा गुडगाव, नोएडा, गाझियाबादबरोबर आमचं गावही दिल्ली सर्कलमध्ये बसवलं गेलं. याची गंमत २०१० मध्ये झाली. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशात सर्वांत आधी हरियाणात आली. २५ नोव्हेंबरला रोहतकमध्ये तिचा शुभारंभ झाला आणि आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये रोहतक-पानिपतकडची मंडळी आम्हाला चिडवायला मोकळी झाली. आमचं विजेचं बिल हरियाणाचं, गाडीची पाटी हरियाणाची आणि फोन तेवढा दिल्लीचा! आम्हाला बाकी देशाबरोबर २० जानेवारी २०११ची वाट पाहावी लागली.

तशी घाई कुणालाच नव्हती. कंपनी बदलायला वेळ लागे. फोन बदलणं मात्र संध्याकाळी चहा झाल्यावर उरकायचं काम होतं. नीलम चौकातून एक नंबरच्या मार्केटकडे वळायचं. (एनआयटी या औद्योगिक वसाहतीतल्या वस्त्यांना आम्ही आकड्यांनीच ओळखतो: एक नंबर, दोन नंबर, पाच नंबर. फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी ही वसाहत वसवली गेली, तेव्हापासूनची ही रीत.) दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. काचेच्या काउंटरवर नोकियाची जाडी पिन, बारीक पिन, सोनी एरिक्सनची ती रुंद चपटी पिन, असे चार्जर वेटोळी करून टांगलेले. पोऱ्या जुन्या फोनचं पाठीमागचं झाकण नखाने उघडायचा, बॅटरी काढायचा, तिच्याखालचं सिम सरकवून नव्या फोनात घालायचा. दोन दांड्या उमटल्या की झालं. ‘चल गया, भाईसाहब.’ वीस रुपये जादा दिले की मेमरी कार्डात गाणीही भरून मिळत. कोणती, ते तोच ठरवायचा. त्यामुळे त्या काळात आमच्या घरी भीमसेन जोशींच्या पाठोपाठ दलेर मेहंदी लागत असे.

नंबर सिमवर असत, तेही मोजके. नाव लांब झालं की त्याचं शेपूट कापलं जाई. माझ्या सिमवर ‘नागपूरच्या आत्या’ आणि ‘नागपूरच्या आत्यांची जाऊ’ अगदी सारख्या दिसत. मी एकीला दिवाळीच्या शुभेच्छा देऊन दुसरीच्या गुडघ्यांची चौकशी करत असे. दोघींनी कधी मनावर घेतलं नाही.

फोन कोणत्या जातीचा आहे, हा प्रश्नच कुणी विचारत नसे. कँटीनच्या एका लांब टेबलावर तेव्हा काय काय असायचं! स्टोअरवाल्याकडे रिलायन्सचा सीडीएमए, २००३च्या ‘मान्सून हंगामा’ योजनेत ५०१ रुपये भरून घेतलेला. त्यात सिमच नव्हतं, म्हणून तो बिचारा त्या एका कंपनीशी बांधलेला. सेल्सच्या साहेबांकडे ब्लॅकबेरी, दोन अंगठ्यांनी मेल लिहायचा रुबाब. माझ्याकडे सिम्बियनवाला नोकिया. परचेसमधल्या पोराने पुढे विंडोजवाला ल्युमिया घेतला, भडक पिवळा, पडद्यावर हलणाऱ्या चौकोनी फरश्या. त्याचे नकाशे इंटरनेटशिवाय चालत आणि बल्लभगडच्या गल्ल्याही त्यात नीट दिसत, याचा त्याला फार अभिमान. आणि कंत्राटदाराकडे नाव नसलेला चिनी फोन, ज्याचा आवाज शॉप फ्लोअरवरच्या प्रेसलाही भारी पडायचा. एवढ्या तऱ्हा, पण सगळे एकमेकांना फोन करू शकत, एसएमएस पाठवू शकत. त्यापलीकडे एकमेकांकडून काही हवंही नव्हतं.

मग २०१४-१५ ही दोन वर्षं आली. माझ्या मते विक्षिप्त फोनांचा खरा हंगाम तोच, आणि तो आमच्या अंगणात भरला होता. ऑगस्ट २०१४ मध्ये ओखल्याच्या इंटेक्सने फायरफॉक्सवर चालणारा क्लाउड एफएक्स काढला, १,९९९ रुपयांना. त्याच आठवड्यात नोएडाच्या स्पाइसचा तसाच फोन आला, २,२९९ ला. सप्टेंबरमध्ये दिल्लीच्याच स्नॅपडीलवर फिनलंडचा जोला आला, सेलफिशवाला, १५,४९९. जानेवारी २०१५ मध्ये सॅमसंगने टायझेनचा झेड-वन ५,७०० रुपयांना खास भारतात आणला. त्या ऑगस्टमध्ये स्नॅपडीलवरच उबुंटूचे फोनही विकायला लागले. पुढच्याच महिन्यात मेट्रोची व्हायलेट लाइन बदरपूर ओलांडून आमच्याकडे एस्कॉर्ट्स मुजेसरपर्यंत आली. शटलच्या गर्दीत न चेंगरता नेहरू प्लेसला जाऊन या चमत्कारिक वस्तू हाताळून पाहायची सोय झाली.

आता आठवणीत हे सगळं गोड वाटतं, पण क्लाउड एफएक्समध्ये रॅम होती १२८ एमबी, आणि थ्रीजी नव्हतंच. दोन हजारांत जे येतं ते आलं होतं. तरी लोक बेधडक घेत, कारण नाही चाललं तर दोन हजार गेले, बस. फोनवर पैसा नव्हता, घराचं फाटक नव्हतं, मुलाच्या शाळेची फी नव्हती. आमची हिंमत तेवढ्यावरच उभी होती, हे तेव्हा कळलं नाही.

टेबलावरचे ब्लॅकबेरी-ल्युमिया बिघडून गेले नाहीत. त्यांच्यावर व्हॉट्सॲप बंद झालं, म्हणून गेले. ब्लॅकबेरीवरचं २०१७च्या अखेरीस थांबलं, विंडोजवरचं २०१९च्या ३१ डिसेंबरला. पिवळा ल्युमिया तेव्हाही धडधाकट होता; काच शाबूत, बॅटरी दीड दिवस. पण सोसायटीचा ग्रुप, कारखान्याचा ग्रुप, मामेबहिणीच्या लग्नाचा ग्रुप, सगळीकडून एका रात्रीत नाव कमी होणार म्हटल्यावर परचेसवाल्याने निमूट अँड्रॉइड घेतला. फायरफॉक्सचं नशीब त्याहून विचित्र. त्याच्याच सांगाड्यावर कायओएस उभं राहिलं, २०१७ मध्ये ते जिओफोनात शिरलं आणि १,५०० रुपये अनामतीवर कोट्यवधी हातांत गेलं. नेहरू प्लेसच्या शौकिनांनी नाक मुरडलेली वस्तू आमच्या गेटवरच्या चौकीदाराने पुढे वर्षानुवर्षं वापरली.

आता प्रश्न माझा आहे. पुण्याचा भाचा हिंजवडीत नोकरीला आहे, त्याने दिवाळीत विषय काढला. ‘मामा, तू रोज कुठे जातोस, काय घेतोस, सगळं गुगलला सांगत फिरतोस. सोडून दे ना.’ त्याने पर्याय ठेवले: पिक्सेलवर चालणारं ग्राफीनओएस, नाहीतर सेलफिश, नाहीतर उबुंटू टच. तिन्ही नावं ऐकून मला कँटीनचं ते टेबल आठवलं आणि मी भुललो. जोला काढणारे तर जुने नोकियावाले. माझं मन तिथेच अर्धं गेलं.

मग आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. पहिलाच अडथळा साध्या बोलण्याचा. पूर्वी कुठल्याही फोनात सिम घातलं की घंटी वाजायची. आज जिओला टूजी-थ्रीजी नाहीच. आवाज जातो तो फोरजीवरून, आणि त्यासाठी फोन आणि कंपनी यांचं आधी जमलेलं असावं लागतं. उबुंटू टचच्या बऱ्याच फोनांत ते जमत नाही. म्हणजे फोन घ्यायचा आणि बोलायला शेजाऱ्याकडे जायचं! उबुंटू खोडलं.

दुसरं पैशाचं. यूपीआय २०१६ मध्ये आलं, आणि आता सेक्टरच्या भाजीवाल्याच्या गाडीवर मटारच्या ढिगात क्यूआरची पाटी खोचलेली असते. दहा रुपयांची कोथिंबीरही त्यावरच. हे ॲप सिमवरून एसएमएस पाठवून फोन ओळखतं. सिम दुसऱ्या फोनात गेलं की पुन्हा नोंदणी करायची, आणि सुरुवातीचे चोवीस तास पाठवायच्या रकमेवर मर्यादा. नीलम चौकातल्या पोऱ्याचं दोन मिनिटांचं काम आज बँकेच्या लेखी संशयास्पद हालचाल आहे. या संशयाची कारणंही खरी आहेत. सिम पळवून खाती रिकामी झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

तिसरं, बँकांची ॲप्स. ग्राफीनवर बरीचशी चालतात, पण गुगलने मान्यता दिलेला फोन आहे की नाही हे जी तपासतात, ती दारातूनच परत पाठवतात. सेलफिशवर अँड्रॉइडची ॲप्स चालवायची सोय आहे. तिथेही हाच पहारा. भाचा म्हणाला, ‘मग ब्राउझरवरून करायचं, मामा.’ मी ओटीपी, कॅप्चा आणि दर थोड्या वेळाने संपणारं सेशन यांचं चित्र डोळ्यांसमोर आणलं. यातली उलटापालट बघा. साध्या बटणांच्या फोनवरून पैसे पाठवायची सोय २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने यूपीआय १२३पे नावाने सुरू केली आहे. चौकीदाराच्या फोनची काळजी घेणारं कुणीतरी आहे. माझ्यासारख्या हौशी, अर्धवट शहाण्या माणसाची सोय कुणाच्याच यादीत नाही, आणि का असावी?

बायको इतका वेळ मेथी निवडत ऐकत होती. तिने एकच विचारलं, ‘त्यात सोसायटीचं गेट उघडतं का?’

भाच्याने गेटच्या ॲपचं नाव शोधलं, मंच धुंडाळले, आणि म्हणाला, ‘बहुतेक.’

‘बहुतेक म्हणजे पाहुणे बाहेर उभे,’ ती म्हणाली.

माझं मत विचाराल तर ल्युमियावाल्यापेक्षा आज वेगळी वाट धरणारा माणूस जास्त हट्टी हवा. त्याला फक्त स्वतःचा फोन बदलून भागत नाही. बँक, शाळा, भाजीवाला, फाटक या सगळ्यांनी त्याच्यासाठी एकेक खिडकी उघडी ठेवावी लागते. चाळिशीत मी तो हट्ट केला असता. कदाचित.

सध्या ठरलंय ते असं. सिम आहे तिथेच राहील. एक जुना पिक्सेल घ्यायचा, त्यावर ग्राफीन टाकायचं, आणि वाचन, टिपणं, गाणी, फोटो तिकडे हलवायचे. घरच्या वायफायवर चालेल. गुगलला माझी भाजी कळेल, माझी पुस्तकं नाही. म्हणजे दोन फोन बाळगायचे, जे पूर्वी फक्त सेल्सचे साहेब करत. भाच्याने चालणाऱ्या मॉडेलांची यादी पाठवली आहे आणि बजावलं आहे की अमेरिकेतल्या कंपन्यांनी लॉक केलेला नग घेऊ नकोस, त्यावर काहीच टाकता येत नाही. दुकानदार ‘बिलकुल अनलॉक है’ असंच म्हणणार. म्हणून शनिवारी व्हायलेट लाइनने नेहरू प्लेसला जाताना त्याला व्हिडिओ कॉलवर धरायचं ठरलं आहे, अर्थात याच फोनवरून.