चौसष्ट कुंड्यांचा हिशेब

आमची इमारत पुनर्विकासाला गेली. ठाण्यात राहणाऱ्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगायला नको. सोसायटीच्या सभांमध्ये दहाएक वर्षं भांडणं झाली, मग एकदाच्या सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि ३१ मे २०२३ पर्यंत जागा रिकामी करायची ठरलं. भाड्याची जागा मिळाली ती चांगली होती. लिफ्ट होती, पाणी होतं, स्टेशन जवळ होतं. फक्त गॅलरी पश्चिमेला आणि जेमतेम चार फुटांची. जुन्या घराला पूर्वेची लांबलचक गॅलरी होती आणि तिच्यात माझ्या ऑर्किडच्या चौसष्ट कुंड्या.

कुंड्या आपलं म्हणायचं म्हणून. काही झाडं लाकडाच्या तुकड्याला बांधलेली, काही प्लॅस्टिकच्या टोपलीत कोळसा आणि विटांचे तुकडे घालून बसवलेली, काही नारळाच्या सोडणावर, आणि बरीचशी ग्रिलला तारेने टांगलेली. नवरा नव्या घरी टेप घेऊन गेला, मोजमाप करून आला आणि म्हणाला, "वीस. त्याच्यावर एकसुद्धा नाही." भांडायला जागाच नव्हती. तो बरोबर होता.

उरलेल्या चव्वेचाळीसांचं काय करायचं, म्हणून मी एका नर्सरीवाल्याला बोलावलं. माणूस जाणकार होता. गॅलरीत शिरल्याबरोबर त्याने आधी मुळं पाहिली, मग पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण आहे का ते पाहिलं, आणि मग विचारलं, "मॅडम, टॅग आहेत का?"

टॅग म्हणजे संकराचं नाव लिहिलेली पट्टी. ऑर्किडच्या धंद्यात ती झाडाची जन्मपत्रिका. आई कोण, बाप कोण, संकराची नोंद कोणत्या नावाने झाली हे त्यावरून कळतं. लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे जगभरातल्या संकरांची नोंदवही आहे. टॅग हरवलेलं झाड कितीही देखणं असलं तरी बाजारात ते बिननावाचं. त्याची फुलं बघून आईबाप ओळखता येतात असं सांगणारे पुष्कळ भेटतात, पण पैसे मोजताना त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

माझ्याकडे टॅग असलेली नऊ झाडं होती. दोन कॅटलिया, एक निळसर वँडा, बाकी फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियम. त्याने ती एका बाजूला काढली आणि भाव सांगितला. भाव वाजवी होता. मग बाकीच्यांवरून हात फिरवत म्हणाला, "हे सगळं कॉमन आहे. सरसकट लावून घेतो." पंधरा मिनिटांत माझ्या चौदा वर्षांचा हिशेब झाला. रक्कम कमी होती म्हणून मला वाईट वाटलं असं नाही. मी तीस वर्षं बँकेत काढली आहेत. तारण ठेवलेल्या दागिन्याची किंमत सोनाराने सांगितली की बाईच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मी काउंटरच्या अलीकडून पाहिलेलं आहे. आता मी पलीकडे उभी होते, इतकंच.

पण त्याने लावलेला क्रम माझ्या क्रमाच्या जवळजवळ उलटा होता, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही ती त्यामुळे. त्याचा क्रम कशावर लावला होता हे स्वच्छ होतं. माझा कशावर लावला होता?

दुर्मीळपणावर नक्कीच नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंतांना ऑर्किडचं वेड लागलं होतं. त्यांच्यासाठी झाडं गोळा करणारी माणसं आशियात आणि दक्षिण अमेरिकेत रानंच्या रानं ओरबाडत फिरत, आणि आलेला माल लिलावात चढ्या भावाने जाई. कारण बी रुजवता येत नव्हतं. ऑर्किडचं बी म्हणजे धूळ. त्यात अंकुराला पुरेल असा अन्नाचा साठाच नसतो. रानात एक विशिष्ट बुरशी त्याला पोसते, तेव्हा ते उगवतं. १९२२ मध्ये लुईस नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने बुरशीशिवाय, साखर घातलेल्या माध्यमावर बी रुजवून दाखवलं. १९६० मध्ये फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून रोपं करण्याची वाट दाखवली. तेव्हापासून एका झाडाची हजारो हुबेहूब रोपं होऊ लागली. आज मॉलमध्ये पाचसहाशे रुपयांना मिळणारं फॅलेनॉप्सिस हे त्या काळच्या एखाद्या लॉर्डच्या काचघरातल्या झाडापेक्षा देखणं असतं. मग माझ्या चौसष्टांत असं काय होतं, की एकेकीला सोडताना जीव वर-खाली व्हावा?

मी वही काढली.

बँकेची सवय म्हणून मी पहिल्यापासून नोंद ठेवते. तारीख, झाड, कुठून आलं, कोणी दिलं, फुललं कधी, शेरा. एकूण नोंदी एकशे बारा. त्यातली चौसष्ट गॅलरीत, अकरा लोकांना दिलेली आणि सदतीस मेलेली. मेलेल्यांची नोंद मी खोडत नाही, फक्त लाल पेनाने तारीख घालते.

पहिलीच नोंद लाल आहे. जानेवारी २००९. घाटातल्या एका थांब्यावर एक मुलगा आमरीचे जुडगे विकत होता. पानं गळलेल्या काड्या आणि त्यांवर पांढरीशुभ्र फुलं. सह्याद्रीतलं डेंड्रोबियम, हे मला नंतर कळलं. पन्नास रुपये दिले. घरी आणून लाल मातीत लावलं आणि वर प्रेमाने शेणखत घातलं. आठ महिन्यांत कुजून गेलं. आमरी झाडावर राहते, पण झाडाचं काही खात नाही. आपल्याकडे तिला सर्रास बांडगूळ म्हणतात ते चूक. बांडगूळ फांदीत मूळ खुपसून तिचा रस घेतं. आमरीला फक्त बसायला फांदी हवी असते. तिच्या मुळांवर स्पंजासारखं पांढरट आवरण असतं. पाऊस पडला की ते पाणी पिऊन हिरवं होतं आणि उघडीप पडली की वाळून परत चंदेरी. तिला पाणी जितकं हवं तितकीच मुळांशी खेळती हवा हवी. मातीत पुरणं म्हणजे तिचा गळा दाबणं. ते जुडगं झाडावरून ओरबाडलं त्या दिवशीच अर्धं मेलं होतं, उरलेलं मी मारलं. त्यानंतर रानातलं झाड मी विकत घेतलं नाही. पण माझ्या संग्रहातलं सगळ्यात महागाचं झाड कोणतं असं कोणी विचारलं, तर मी त्या पन्नास रुपयांच्या लाल नोंदीवर बोट ठेवीन. मुळं चंदेरी झाल्याशिवाय पाणी द्यायचं नाही हे मी त्याच्या जिवावर शिकले. बाकीची त्या शिकण्यावर जगली.

नोंद एकोणीस. ऑन्सिडियम, पिवळं. २०११. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दिलं. झगा घालून नाचणाऱ्या बाईसारखं फूल असतं ते. कुठल्याही नर्सरीत अडीचशे रुपयांना मिळतं. काकू फार बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. एका दुपारी वर आल्या, पदराखालून जुन्या वाळक्या कंदांचा एक तुकडा काढला आणि म्हणाल्या, "हे मेलेलं दिसतं, पण मेलेलं नाही. उन्हाला लावू नकोस." तीन महिने काही झालं नाही. मग एका कंदाच्या बुडाशी हिरवा ठिपका दिसला. दोन वर्षांनी फुललं, तेव्हा मी पहिली दांडी कापून खाली नेऊन दिली. २०१७ मध्ये काकू गेल्या. घर विकलं गेलं, कुंड्या जिन्याखाली आल्या, आणि तिथून कुठे गेल्या ते कोणाला माहीत नाही. २०२१ मध्ये त्यांची मुलगी काही कागदांच्या कामासाठी सोसायटीत आली होती. मी तिला वर बोलावून चहा दिला आणि जाताना एक तुकडा दिला. ती म्हणाली, "आईच्या झाडाचं पिल्लू." मी म्हटलं, "पिल्लू नाही गं. तेच झाड आहे." कंद तोडून लावलेलं ऑन्सिडियम हे बी लावून आलेलं अपत्य नव्हे. काकूंच्या हातातला तोच जीव, पुढे सरकत गेलेला. तिने तुकडा ओढणीत गुंडाळून नेला. हुबेहूब काकूंसारखा.

नर्सरीवाल्याने याला "कॉमन" म्हटलं होतं, आणि ते कॉमन आहेच.

नोंद सव्वीस. सिंबिडियम. २०१२, गंगटोकच्या सहलीत घेतलं. लांब तलवारीसारखी पानं, रसरशीत, दरवर्षी नवे कोंब. अकरा वर्षांत एकही फूल नाही. नवरा त्याला गवताची कुंडी म्हणायचा. कारण मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. त्याला दांडी धरायला गार रात्री लागतात, आणि ठाण्यातली सप्टेंबर-ऑक्टोबरमधली रात्र कशी असते हे आपण जाणतोच. तरी मी पंखा लावला, रात्री बर्फाचं पाणी घातलं, काय काय केलं. दर हिवाळ्यात बुडाशी बॅटरी मारून बघायची. खरं तर ते तेव्हाच कोणाला तरी द्यायला हवं होतं. मी दिलं नाही. आपल्याला जमलं नाही हे कबूल करायला मला अकरा वर्षं लागली.

आणि नोंद सत्तर. सीतेची वेणी. २०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही सासरी, संगमेश्वरकडे निघालो होतो. चौपदरीकरणासाठी महामार्गाकडेचे जुने आंबे तोडत होते. एका पडलेल्या खोडापाशी आम्ही पाणी प्यायला थांबलो. फांदीवर जाड पट्ट्यासारखी पानं होती आणि मुळं उघडी पडून उन्हात सुकत चालली होती. तिथल्या कामगाराला विचारलं, तर तो म्हणाला, "घ्या की, जळणातच जायचंय." त्यानेच कोयत्याने फांदीचा हातभर तुकडा तोडून दिला. तो तुकडा तसाच गॅलरीत टांगला. चार वर्षं नुसती पानं. २०२२ च्या मेमध्ये वीतभर लांबीचा गुलाबी-पांढरा घोस लोंबला. आसामात बिहूला बायका केसांत माळतात, तेच हे फूल. तिथे त्याला कोपौ म्हणतात. तीनेक आठवडे टिकतं, मग वर्षभर काही नाही.

नर्सरीवाला आला तेव्हा तिला दोन घोस होते. निघताना तो तिच्यापाशी थांबला. "हे जंगलचं आहे ना? हे द्या मला. याला टॅग नसला तरी चालतो, याचं गिऱ्हाईक वेगळं आहे." आणि त्याने सांगितलेला आकडा कॅटलियापेक्षा मोठा होता.

तेव्हा मला त्या थांब्यावरचा मुलगा आठवला. त्याच्या जुडग्यांनासुद्धा टॅग नव्हता. माझ्यासारखं गिऱ्हाईक होतं म्हणूनच कोणीतरी झाडावर चढलं होतं. माझी वेणी रस्त्यावर पडलेली होती हे खरं, पण तिच्यासाठी असा भाव मिळतो हे कळल्यावर पुढची वेणी कोणी पडायची वाट बघत बसणार नाही. मी नाही म्हटलं. त्याला राग आला नाही. तो धंदा करत होता. टॅगवाली नऊ मी त्याला विकली. त्यांचं मला वाईट वाटलं नाही, आणि याचं मलाच आश्चर्य वाटलं. ती मी कॅटलॉग बघून मागवली होती. वहीत त्यांच्यापुढे "कोणी दिलं" हा रकाना कोरा होता.

मग उरलं पंचावन्न. वीस नव्या घरी गेली. तेहेतीस वाटली: इमारतीतल्या लोकांना, बँकेतल्या जुन्या मैत्रिणींना, कामवाल्या ताईंच्या मुलीला, जिने वेगवेगळी चार मागून घेतली. प्रत्येकीसोबत एक चिठ्ठी दिली. त्यावर वहीतला क्रमांक आणि एकच अट: फुललं तरी कळवा, मेलं तरी कळवा. वहीत एक रकाना वाढला, "सध्या कुठे".

वेणी जूनच्या पहिल्या आठवड्यात संगमेश्वरला नेली. पावसाच्या तोंडावर, परसातल्या आंब्याला, सुती कापडाच्या पट्टीने बांधली. मुळं सालीला धरेपर्यंत पट्टी टिकते, मग आपोआप कुजून पडते. सासूबाई खाली उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "बांडगूळ कशाला बांधतेस चांगल्या झाडाला?" मी खाली उतरून त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांना पटलं नाही. पण पावसाळ्यानंतर त्यांचाच फोन आला, की पट्टी पडली आणि ते काही पडलं नाही.

आता वर्ष होऊन गेलं. पश्चिमेच्या उन्हाने पहिल्याच मेमध्ये माझी तीन फॅलेनॉप्सिस भाजली, शेडनेट लावूनही. वहीत तीन लाल नोंदी वाढल्या. काकूंचं ऑन्सिडियम माझ्याकडे फुललं, आणि त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीकडून पुण्याहून फोटो आला. तिच्याकडेही.

सिंबिडियम पाचगणीला माझ्या आतेबहिणीकडे आहे. तिथे रात्री गार असतात. गेल्या डिसेंबरात तिने मोठ्या उत्साहाने फोटो पाठवला: "आली बघ तुझी दांडी!" मी फोटो मोठा करून पाहिला. टोक चपटं होतं आणि पानं उलगडायला लागली होती. तो फुलाचा दांडा नव्हता, नवा कोंब होता. अकरा वर्षं बॅटरी मारून बघितल्यावर एवढं तरी कळतं.

मी तिला लिहिलं, "पाणी जपून घाल. आणि वाट बघ."