उंची कोणासाठी?

ऑगस्ट २०१९ च्या महापुराने सांगली वेढली, तेव्हा तेथील धाकट्या भावाचा फोन दोन दिवस लागत नव्हता. पुढे आम्ही दोघांनीही हौशी रेडिओचा परवाना घेतला. मग प्रश्न आला अँटेनाच्या उंचीचा. २० मीटर पट्ट्यावरील आडवी तार १० मीटर, म्हणजे अर्धी तरंगलांबी, उंच बांधली, तर लहरी क्षितिजाशी सुमारे ३० अंशांचा कोन करून निघतात. उंची दुप्पट केल्यास कोन निम्म्यावर येतो. कोन लहान, तितकी आयनांबरावरून परतणारी लहर दूर उतरते. परदेशाशी बोलायचे, तर उंच खांब हवाच. साताऱ्यात मी मात्र ४० मीटर पट्ट्याची तार ६ मीटरवरच ठेवली. तिच्या लहरी दिवसा जवळजवळ सरळ वर जाऊन डोंगरांपलीकडे सांगलीत उतरतात. विद्यार्थ्यांना सांगतो : उंची ठरवण्यापूर्वी, आपला आवाज कोणाला हवा आहे, ते ठरवा.