मदिना न सोडणारा इमाम

हदीसच्या जुन्या विद्वानांची चरित्रं वाचू लागलं की वाचणाराच दमतो. आज बुखारा, उद्या निशापूर, मग बगदाद, दमास्कस, फुस्तात. पैगंबरांच्या एकेका वचनासाठी महिनोन्महिने पायपीट. इमाम मालिक इब्न अनस मात्र हजला मक्केला गेले तेवढेच. त्यापलीकडे त्यांनी मदिना सोडल्याचं दिसत नाही. इस्लामी न्यायशास्त्राचा इतिहास शिकवण्यात माझी उमेद गेली. सुन्नींच्या चार इमामांपैकी कुणाच्या वर्गात बसायला आवडेल असं विचारलंत, तर मी मालिक यांचंच नाव घेईन. विद्वत्ता चौघांकडेही होती. कुठे थांबायचं याची मालिक यांच्याइतकी जाण मला इतरत्र फारशी दिसली नाही.

त्यांचा जन्म इ.स. ७११च्या सुमाराचा. अरब फौजा तेव्हा एकीकडे स्पेनमध्ये आणि दुसरीकडे सिंधमध्ये उतरत होत्या. पैगंबरांना जाऊन ऐंशीएक वर्षं झाली होती. त्यांना पाहिलेली पिढी संपत आली होती, पण त्या पिढीच्या हाताखाली शिकलेली माणसं मदिनेत अजून होती. आईनं मुलाला नीटनेटके कपडे घातले, डोक्याला पागोटं बांधलं आणि रबीआ या विद्वानाकडे धाडताना बजावलं, की विद्या नंतर, आधी त्यांची वागणूक शिकून घे. पुढे नाफे आणि इब्न शिहाब झुहरी हे गुरू लाभले. नाफे हे अब्दुल्ला इब्न उमर यांचे मुक्त केलेले गुलाम, आणि इब्न उमर पैगंबरांचे सहवासी. पैगंबर, इब्न उमर, नाफे, मालिक: या साखळीला पुढच्या हदीसपंडितांनी ‘सोनेरी’ म्हटलं.

मालिक यांचा वर्ग म्हणजे दरबारच. हदीस सांगायची तर आधी स्नान, मग उंची वस्त्रं आणि अत्तर. विद्वानानं फाटक्या कपड्यांत फिरावं हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. स्वतः ते वाचून दाखवत नसत. शिष्यानं त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचायचं, त्यांनी ऐकायचं आणि चूक झाली की थांबवायचं. आपल्याकडच्या वेदपाठशाळेत घनपाठी गुरुजी ऐकतात, तसंच. चरित्रकार सांगतात, की त्यांची मुलगी फातिमा दाराआड बसून ऐकत असे. तिला ‘मुवत्ता’ हा वडिलांचा ग्रंथ मुखोद्गत होता. वाचणारा चुकला की ती दारावर टकटक करी, आणि मालिक त्याला ती ओळ पुन्हा वाचायला लावत. या चरित्रांत भक्तांनी बरीच भर घातली आहे, हे धरूनच ती वाचायला हवीत. तरी एका बाबतीत साऱ्यांचं एकमत आहे: मालिक ‘मला ठाऊक नाही’ म्हणायला कचरत नसत. एकदा म्हणे ४८ प्रश्न विचारले गेले आणि ३२ प्रश्नांना त्यांनी हेच उत्तर दिलं.

‘मुवत्ता’त त्यांचा हा स्वभाव स्पष्ट दिसतो. खरेदी-विक्रीच्या भागात एक प्रसिद्ध हदीस आहे: विकणारा आणि घेणारा एकमेकांपासून दूर होत नाहीत तोवर दोघांनाही सौदा मोडण्याची मुभा आहे. ती आली आहे त्याच सोनेरी साखळीतून. मालिक ती इमानेइतबारे नोंदवतात आणि खाली म्हणतात, की याला आमच्याकडे ठरावीक मर्यादा नाही आणि तसा प्रघातही नाही. म्हणजे हदीस खरी, पण मदिनेचा बाजार तसा चालत नाही. अख्खं शहर पिढ्यान्‌पिढ्या जे करत आलं, ते त्यांच्या लेखी एका माणसाच्या कथनाहून वजनदार होतं. त्यांचे शिष्य शाफई यांनी नेमकी इथेच फारकत घेतली: हदीस खरी असेल तर शहराचा रिवाज बाजूला ठेवा. कोकणातले मुसलमान शाफईपंथीय आहेत. त्यामुळे त्यांच्या शास्त्रात सौद्याच्या बैठकीतली ही मुभा आजही आहे, मालिकपंथीय मोरोक्कोत ती नाही.

मदिनेला एवढं महत्त्व का, हा प्रश्न इजिप्तचे लैस इब्न साद यांनी मालिक यांना पत्रातून, अत्यंत अदबीनं विचारला होता. पैगंबरांचे सहवासी तर इतर मुलखांतही गेले, तिथल्या लोकांनीही त्यांच्याकडूनच शिकून घेतलं, असा त्यांचा मुद्दा. मला लैस यांचं म्हणणं पटतं. गंमत म्हणजे वेळ आली तेव्हा मालिक यांनीही तोच मुद्दा मांडला. ‘मुवत्ता’च्या प्रती साऱ्या साम्राज्यात पाठवून सर्वांना त्याच बरहुकूम वागायला लावतो, असा प्रस्ताव खलिफानं मांडला. हा खलिफा काही ग्रंथांत मन्सूर आहे, काहींत हारून अल-रशीद. मालिक यांनी नकार दिला. सहवासी मुलखोमुलखी पांगले, ज्याला जे पोचलं त्यावर तो चालतो आहे, त्यांना तसंच राहू द्या, असं त्यांचं म्हणणं.

सत्तेचा हात त्यांना अंगावरच्या वळांनी माहीत होता. ७६२ साली मदिनेत मन्सूरविरुद्ध बंड झालं. जबरदस्तीनं वदवून घेतलेला तलाक लागू होत नाही, हे मालिक यांचं मत. लोकांनी त्यावरून ताडलं, की मग जबरदस्तीनं घेतलेली निष्ठेची शपथही बंधनकारक नाही. बंड मोडल्यावर सुभेदार जाफर इब्न सुलेमान यानं त्यांना चाबकाचे फटके मारवले. त्यात त्यांचा खांदा निखळला, मत मात्र बदललं नाही.

मालिक ७९५ मध्ये मदिनेतच वारले. त्याच वर्षी स्पेनहून याह्या इब्न याह्या हा तरुण त्यांच्याकडे पोचला होता. गावात हत्ती आला म्हणून सारा वर्ग बाहेर धावला, तेव्हा हा जागचा हलला नाही. मी तुम्हाला पाहायला आलोय, हत्ती नव्हे, असं त्यानं सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. आज जगभर वाचला जातो तो ‘मुवत्ता’ मुख्यतः याच याह्याच्या पाठातला. हा पाठ मालिक यांच्यानंतर बऱ्याच काळानं कॉर्दोबात रचला गेला, असं नॉर्मन काल्डर या अभ्यासकानं १९९३ मध्ये मांडलं. मला ते पटत नाही. एक तर ‘मुवत्ता’चं एक पपायरसवरचं पान उपलब्ध आहे आणि नाबिया ॲबट यांनी त्याचा काळ मालिक यांच्या काळाजवळचाच ठरवला आहे. दुसरं, रमजानमधल्या मशिदीतल्या एकांतवासाची काही प्रकरणं आपण खुद्द मालिक यांच्या तोंडून ऐकली की नाही, याबद्दल याह्याला शंका होती. म्हणून ती त्यानं आपला पहिला गुरू झियाद याच्या हवाल्यानं दिली, आणि आजच्या छापील प्रतीतही तिथे झियादचंच नाव आहे. मालिक यांच्या नावावर ग्रंथ खपवायला निघालेल्या माणसानं ती शंका कशाला नोंदवली असती?