ठेव

आमच्या घरात पत्त्यांना मज्जाव होता. पंढरपुरातले प्रदक्षिणामार्गालगतचे जुने घर, मागच्या दोन खोल्या वारीला येणाऱ्या मंडळींसाठी वर्षानुवर्षे राखलेल्या, आणि गळ्यात तुळशीची माळ घातलेले आप्पा. आषाढीच्या दिवसांत ओसरीवर पाऊल ठेवायला जागा नसे. कोण कुठल्या गावचा, कोणत्या दिंडीतला, ह्याची चौकशीही होत नसे. त्या गर्दीतही आप्पांचा एक नियम मात्र अढळ असे. उंबऱ्याच्या आत पत्ता येणार नाही. पैसे लावून खेळणे हा तर जुगारच, पण बिनपैशाची बदामसातही त्यांच्या लेखी त्याच घराची पायरी होती.

आम्ही दोघेही मराठी शिकवतो. एकाकडे संतसाहित्य, दुसरीकडे कथा-कादंबरी. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हुतुतू असे खेळ अभंगाचे विषय होतात, हे आम्ही वर्गात रंगवून सांगत आलो आहोत. मोक्षपटाचा संबंध परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते, हेही सांगतो. तास संपला की बाहेर कडुनिंबाच्या पाराखाली मेंढीकोट मांडून बसलेल्या पोरांचा कॅट जप्त करतो. विभागाच्या कपाटात असे चार-पाच कॅट अजून पडून आहेत. ह्यातली विसंगती आम्हाला कधी जाणवली नाही, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. जाणवली होती. मात्र तिची किंमत आम्हाला मोजावी लागली नव्हती.

आमचा मुलगा पाचवीत असताना पुण्याच्या मावसभावाने त्याला पोकेमॉनची शे-दीडशे पाने दिली. आमच्या लहानपणी बबलगमच्या वेष्टनातून क्रिकेटपटूंची चित्रे निघत आणि त्यांवरच्या धावा आम्ही जमवत असू. हेही तसेच काहीतरी असेल, असा आमचा समज झाला. आप्पांना सांगितले, "चित्रं आहेत, पत्ते नव्हेत." हे आमचे पहिले खोटे. ती पाने खेळायची होती, आणि तो खेळ साधा नव्हता.

ह्या जातीच्या खेळाचा आरंभ १९९३ साली झाला. रिचर्ड गारफील्ड ह्या अमेरिकन गणितज्ञाने 'मॅजिक : द गॅदरिंग' नावाचा खेळ रचला. पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ १९९६ मध्ये जपानात आला. नेहमीच्या पत्त्यांत कॅट एकच असतो आणि तो सर्वांचा असतो. पिसला, वाटला, जे हाती आले ते नशीब. इथे प्रत्येक जण स्वतःचा कॅट घरून बांधून आणतो. हजारो पानांतून नेमकी साठ निवडायची, मूलभूत ऊर्जेची पाने सोडली तर एका नावाची चारांहून अधिक घ्यायची नाहीत, आणि मग ती साठ पिसून नशिबाच्या हवाली करायची. म्हणजे खेळाचा अर्धा भाग समोर कोणी नसतानाच खेळून झालेला असतो.

हे सगळे आम्हाला पुष्कळ उशिरा कळले. २०२२ च्या जून महिन्यात मुलगा दहावीत गेला. एका रविवारी तो क्लासला गेलेला असताना आम्ही त्याचा पानांचा डबा रद्दीवाल्याला दिला. जुन्या नियतकालिकांच्या गठ्ठ्यावर तो डबा ठेवलेला आजही डोळ्यांसमोर दिसतो. त्या पानांना बाजारात काही मोल असते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर कदाचित दिली नसती, ही गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे.

संध्याकाळी त्याने डबा शोधला. आम्ही सांगितले. तो रडला नाही, ओरडला नाही. "बरं," एवढेच म्हणाला आणि जेवायला बसला. त्या "बरं"ने आम्ही निश्चिंत झालो. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतले मौन वाचण्यात आयुष्य घालवलेल्या माणसांनी इतके निश्चिंत व्हायला नको होते.

दिवाळीच्या साफसफाईत त्याच्या गादीखाली रबरबँड लावलेला एक गठ्ठा सापडला. आमच्याच जुन्या प्रश्नपत्रिका पानांच्या आकाराच्या कापल्या होत्या. एका बाजूला 'संदर्भासह स्पष्टीकरण' किंवा 'कोणत्याही दोन प्रश्नांची उत्तरे' असे तुकडे, आणि कोऱ्या बाजूला निळ्या शाईत बारीक अक्षर. मोजले, बरोबर साठ भरले. गेलेला कॅट त्याने आठवणीतून पुन्हा लिहून काढला होता. आणि तो मराठीत होता.

हस्तलिखित हाती आले की आधी वाचावे, मग बोलावे, एवढी शिस्त आमच्या विद्येने आम्हाला लावली आहे. आम्ही जमिनीवर बसून ते साठही कागद वाचले. लढणारे पान जिथे असते त्या जागेला त्याने 'मैदान' म्हटले होते. मागे पाच पाने पाळीची वाट पाहत बसतात, इंग्रजीत तो बाक आहे. त्याने 'ओटा' लिहिले होते. ऊर्जेला 'बळ'. आणि वापरून संपलेली पाने ज्या ढिगात जातात त्याला 'निर्माल्य'. पंढरपुरात वाढलेल्या मुलाला टाकाऊसाठी 'कचरा' हा शब्द सुचला नाही, निर्माल्य सुचला. वापर झाला म्हणून टाकायचे, टाकाऊ म्हणून नव्हे. एका कागदावर लिहिले होते : 'मास्तरांचा शोध. हातातली सगळी पानं निर्माल्यात टाका. नवी सात घ्या.' मूळ पान प्रोफेसरच्या संशोधनाचे आहे, हे नंतर समजले. त्या वेळी मात्र, हातचे सगळे टाकून देणाऱ्या मास्तरांवरची ती टीका आहे, असेच आम्हाला वाटले.

रात्री तो गठ्ठा त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणालो, "आम्हाला शिकव."

तो बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिला. मग त्याने कागद पिसायला घेतले.

त्या हिवाळ्यात अभ्यास आटोपल्यावर रोज अर्धा तास स्वयंपाकघरात आमची शिकवणी चाले. आमच्यासाठी त्याने आणखी साठ कागद कापले. पहिल्याच आठवड्यात त्याने आमची चूक दाखवली. आम्ही जोरदार, दणकट पानेच भरत होतो. "बाबा, आई, हे सगळे नायकच झाले. ह्यांना मैदानात आणणार कोण?" जाणत्या खेळाडूच्या कॅटमध्ये निम्म्याहून अधिक पाने स्वतः लढतच नाहीत. ती दुसरी पाने शोधून आणतात, हात भरून देतात, अडकलेल्याला मागे घेतात. साठांत एखादे पान चार वेळा घातले, तरी सुरुवातीच्या सात पानांत त्यातले निदान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्केच असते. म्हणून कॅटची ताकद शोधणाऱ्या पानांवर मोजायची. आम्ही दोघे कधीकाळी अभ्यासक्रम ठरवणाऱ्या बैठकांना बसलो आहोत. तिथे थोर ग्रंथांची यादी होते आणि त्या ग्रंथांपर्यंत विद्यार्थ्याला नेणारे साधे पुस्तक दरवेळी वगळले जाते. हे आम्हाला कळत नव्हते असे नाही. इतक्या थोडक्यात कोणी सांगितले नव्हते.

अभ्यासक्रमाशी दुसरेही साम्य निघाले. अलीकडच्या पानांच्या कोपऱ्यात एक अक्षर छापलेले असते आणि दरवर्षी एकेका अक्षराची पाने प्रमुख स्पर्धांतून निवृत्त होतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये 'डी' गेले, पुढच्या वर्षी 'ई', २०२५ मध्ये 'एफ'. पाने तीच, चित्रे तीच, पण त्यांच्यावर प्रश्न येणार नाही. खेळ शिळा होऊ नये हा त्यातला एक हेतू, आणि नवी पाकिटे खपावीत हा दुसरा. हा दुसरा हेतू आम्ही नजरेआड करू इच्छित नाही. पाकीट बंद असते, आत काय निघेल ते फोडल्यावर कळते, आणि दुर्मीळ पानाच्या आशेने मुले एकामागून एक पाकीट फोडतात. आप्पांना ज्या गोष्टीचे भय होते ती डावात नव्हती, पाकिटात होती. त्यांचे बोट चुकीच्या जागी होते, पण संशय खोटा नव्हता.

आम्ही आप्पांशी वाद घालून पाहिला. सावंतवाडीच्या गंजिफा पुढे केल्या. दशावतारी गंजिफांत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी एकशेवीस गोल पाने. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ तर निम्म्यांत एक्का. आणि महाराष्ट्रातल्या जुन्या चित्रांत नवव्या अवताराच्या जागी विठोबा उभा दिसतो, हेही जोडून दिले. आप्पांनी सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "देव पत्त्यात गेला म्हणून पत्ता देवघरात येत नाही." ह्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. अजूनही नाही.

दहावीची परीक्षा झाल्यावर, २०२३ च्या मे महिन्यात, पुण्यात काही खेळाडूंनी मिळून भरवलेल्या एका छोट्या स्पर्धेला आम्ही तिघे गेलो. पहाटेची एसटी. हस्तलिखित पाने स्पर्धेत चालत नाहीत, खरीच लागतात. मुलाने आदल्या आठवड्यात कोणाकोणाशी फोनवर बोलून ठेवले होते. आम्ही पोचलो तेव्हा तीन अनोळखी तरुणांनी आपापल्या वह्यांतून पाने काढून त्याच्यापुढे मांडली. कोणी नाव लिहून घेतले नाही, अनामत मागितली नाही. "संध्याकाळी दे," एवढेच. ज्यांचे मोल न जाणता आम्ही रद्दीत घातली होती, तीच ही पाने.

बावीस जण होते आणि पाच फेऱ्या. पद्धत बुद्धिबळातून आलेली. १८९५ साली झुरिकच्या स्पर्धेत ती वापरली गेली म्हणून तिला स्विस म्हणतात. हरला म्हणून कोणी बाहेर जात नाही. जिंकलेल्याची गाठ जिंकलेल्याशी, हरलेल्याची हरलेल्याशी, आणि सगळे शेवटच्या फेरीपर्यंत खेळतात. गुणवत्ता यादीच्या चाळणीवर ज्यांचे पोट चालते, अशा आम्हाला हे नवलाचे वाटले.

तिसऱ्या फेरीतला त्याचा निर्णायक डाव आम्ही त्याच्या मागे उभे राहून पाहिला. ह्या खेळात सुरुवातीलाच आपल्या कॅटमधली सहा पाने न पाहता बाजूला पालथी ठेवावी लागतात. समोरच्याचा गडी बाद केला की त्यातले एक उचलायचे. सहाही उचलली की जिंकलो. पाने आपलीच, पण कोणती आहेत ते ठाऊक नाही. इंग्रजीत ती बक्षिसे आहेत. त्याच्या कागदांवर त्यांचे नाव होते 'ठेव'. डावात पहिल्यांदा कॅट चाळण्याची संधी मिळाली तेव्हा त्याने पाने भराभर नजरेखालून घातली आणि क्षणभर थांबला. मग शांतपणे खेळू लागला. हरला.

परतीच्या गाडीत टेंभुर्णीच्या पुढे त्याने आपणहून सांगितले. त्याचा कॅट ज्या एका पानावर उभा होता, ते साठांत एकच होते. उसने तेवढेच मिळाले होते. एकुलते पान ठेवीत अडकण्याची शक्यता दहात एक. पहिल्यांदा कॅट चाळतानाच, काय काय दिसत नाही हे मोजून, ते ठेवीत आहे हे त्याला कळले होते.

"मग अर्धा तास खेळत काय बसलास?" आम्ही विचारले.

"ठेव सोडवत होतो. एकेक उचलली की कधीतरी येणारच ना ते. आलंही. पाचवं. तोवर उशीर झाला होता."

जरा वेळाने खिडकीबाहेर पाहत तो म्हणाला, "माझ्या जुन्या डब्यात ती तीन होती."

दहा महिन्यांत ह्या विषयावर तो एवढेच बोलला. आम्ही दोघांनीही क्षमा मागितली. शब्द ओळखीचे होते, उच्चार मात्र प्रथमच करीत होतो. तो "असू दे" म्हणाला. जूनमधल्या त्या "बरं"पेक्षा हे "असू दे" वेगळे होते की नव्हते, हे ठरवण्याचा अधिकार आमचा नाही.

घरी पोचलो तेव्हा आप्पा ओट्यावर जागे होते.

"काय झालं?"

"दोन जिंकलो, तीन हरलो, आबा."

"हरल्यावर उठवलं नाही?"

"नाही. शेवटपर्यंत खेळवतात सगळ्यांना."

"मग बरं आहे," आप्पा म्हणाले. थोडे थांबून त्यांनी जोडले, "खेळायचं तर इथं ओट्यावर खेळ. आत नको."

उंबऱ्याचा नियम मोडला नाही. पण त्या उन्हाळ्यात आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी डाव मांडला गेला आणि शेजारची दोन-तीन पोरेही येऊन बसू लागली.

आता मुलगा शिक्षणासाठी बाहेरगावी असतो. खेळ मागे पडला आहे. पुढे केव्हातरी आम्ही त्याला खरी पाने विकत घेऊन द्यायचे ठरवले होते. तो म्हणाला, "राहू द्या, तेव्हाची आता चालतही नाहीत." ते प्रश्नपत्रिकांच्या पाठीवरचे साठ कागद मात्र आमच्या कपाटात आहेत. हा लेख लिहिण्यापूर्वी त्याची परवानगी घेतली आणि मसुदा वाचून दाखवला. त्याने एकच दुरुस्ती सुचवली. आम्ही आधी 'बक्षीस' हा शब्द वापरला होता.

"मी बक्षीस कुठं लिहिलं होतं?" तो म्हणाला. "ती पानं आपलीच असतात. कोणी देत नाही."